पाचवी उडी

बसा, पंख्याखाली बसा. घाई असल तर आत्ताच सांगा. मधून उठलात तर मी परत पहिल्यापासनं सांगणार न्हाई. पेडगावच्या चोरीची गोष्ट हाय. चोरीला गेलं काय, तर एक वही. पिवळी पडलेली, कोपरे उंदरानं खाल्लेले, रद्दीवाला बी हात लावणार न्हाई अशी. आन् त्या वहीपायी बारा म्हातारे फौजी एकमेकाच्या अंगावर धावून जायलालते.

वहीसाठी पोलिसात कोण जातंय? धुरपताबाई गेली ती परभणीला, कावेरीताईकडं.

कावेरीताईचं हापिस स्टेशनजवळ, झेरॉक्सच्या दुकानावर. खाजगी तपास करती बाई. लग्नाआधी पोराची माहिती काढायची, हरवलेला ट्रॅक्टर हुडकायचा, असली कामं. बोलणं कमी, बगणं जादा. तिच्यासंगं हरिओम. आटो त्याचीच, मदतनीस बी तोच. दिलाचा लय चांगला, पर त्याचं डोस्कं त्याच्या आटोसारखं, चार किका मारल्यावर सुरू व्हणार.

धुरपताबाई पासष्टीची. आली ती नवऱ्याचा फोटो घेऊनच. लाल टोपीतला जवान, मिशीला पीळ.

"हे माझे मालक, बालाजी. छत्रीवाल्या पलटणीत व्हते, विमानातनं उडी मारायची ती. गेल्या माघात गेले," ती म्हणली. "पेडगावच्या फाट्यावर पलटणीचा दगड बसणार हाय, ताई. त्यावर त्यांचं नाव यायचंय. आन् ज्या वहीत नाव हाय तीच काल गेली."

"वही कुणाची?"

"त्यांच्या सुभेदाराची. जिंतूरकडचे व्हते, वारले. त्यांच्या नातीला पेटीत घावली, तिनं कॅप्टनसायबाला आणून दिली. पहिल्या तुकडीत ज्यानं पाच उड्या पुऱ्या केल्या त्याचंच नाव दगडावर घालायचं, असं ठरलंय. आता वहीच न्हाई तर कुणाचंच नाव न्हाई म्हणतेत."

"घेतली कुणी असल असं वाटतं तुमाला?"

"मला काय मालूम? तिथं तारखेवरून भांडणं चाललेत. माझा भाऊ चंद्रभान बी तिथंच असतो, फौजींचा सैपाक करतो. पर त्याला काय इचारायचं?" तिनं तोंड वाकडं केलं. "सांगायला लाज वाटती. तो बी माझ्या मालकासंगंच गेलता. चार उड्या मारल्या आन् पाचवीला चुलीमागं लपून बसला. परत धाडला त्याला. चार उड्यांचा चंद्रभान म्हणतेत गावात."

ताईनं फोटो परत दिला. म्हणली, "चला पेडगावला."

आता भांडण काय व्हतं ते आधी ऐका. पलटणीचा नंबर मी सांगत न्हाई, उगी तुमी बी भांडायला बसाल. ही पलटण आधी पायदळाची. लढाया बी मारलेल्या. मग वरनं हुकूम आला, आजपासनं तुमी छत्रीवाले. निम्मे गडी आग्र्याला उड्या शिकायला गेले, निम्मे दुसऱ्या पलटणीत. मग पलटणीचा जन्म कवाचा? पायदळाच्या दिवसाचा का लाल टोपीच्या दिवसाचा? दगडावर तारीख एकच बसणार. एवढ्यावरनं चार महिने झाले, एकमेकाच्या घरचं पाणी बंद.

बैठकीची खोली बियाण्याच्या जुन्या सोसायटीच्या माडीवर. खाली सैपाकघर, म्होरं कडुलिंबाखाली पंगत. माडीला जिना एक, दार एक, मागच्या बाजूला एक खिडकी.

कॅप्टन माधवराव, लाल टोपीच्या बाजूचे, काठी टेकत आले. दोन्ही गुडघ्यांचं आपरेशन झालेलं. एकेक पायरी मोजून चढले.

"काल दुपारी एकला जेवायला उठलो. कुलूप मी सोता लावलं. किल्ली ह्या खिशात," त्यांनी छातीवर थाप मारली. "अडीचला परत आलो. कुलूप जसंच्या तसं, टेबलावर वही न्हाई. तवापासनं खोली बंद ठिवली. कुणाला पाय ठिवू दिला न्हाई."

"कुलूप लावताना आत कुणी न्हाई, हे बगितलं?"

"बगायचं काय? समदे खाली निघाले व्हते. आन् तो पायदळवाला भुजंग माझ्या कानात वरडायलालता."

दार उघडलं. टेबल, बारा खुर्च्या, कोपऱ्यात स्टीलचा ट्रे. ट्रेमधी बारा कप, तळाशी चहा वाळलेला, त्यावर मुंग्या. ताईनं कप मोजले आन् खिडकीशी गेली. खिडकीला गज न्हाईत. खाली मेथीचा वाफा, काल सकाळीच भिजवलेला. मागं जमीन चढाची, म्हणून उंची साडेसात-आठ फूट.

ती जिन्यानं खाली उतरली आन् वाफ्याशी उकिडवी बसली. चिखलात दोन पाय उठले व्हते. टाचेला टाच, अंगठ्याला अंगठा, मधी बोट घालायला जागा न्हाई. त्याच्या बाजूला मेथी तिरपी झोपलेली, हातभर रुंद, पुरुषभर लांब.

"वरनं पोतं फेकलं असल," हरिओम म्हणला.

"पोत्याला पाय असतेत का रे?"

"मग कुणीतरी जवान पोरगं. ह्या म्हाताऱ्यांपैकी कुणी एवढ्यावरनं पडलं तर सीधा दवाखान्यात."

"पडलं तर," ताई म्हणली.

मग एकेकाला इचारायला बसली. पंगतीच्या टायमाला नजरेआड झालेले तिघंच, दोन फौजी आन् आचारी. बाकीचे दहाजण एकमेकासमोर बसून जेवले, एकमेकाचे साक्षीदार.

पहिले माधवराव. "मी साखरेचं इंजेक्शन घ्यायला घरी गेलतो. सूनबाईला इचारा."

"साहेब, वहीत तुमच्या बाजूचं काय व्हतं?"

म्हातारा घुटमळला. "पहिलं पान काल सकाळी वाचलं. सुभेदारानं लिवलेलं, 'आज टोपी बदलली, झेंडा तोच हाय.' भुजंग नाचायलाच लागला. समद्यांनी मोबाईलवर त्या पानाचे फोटो काढले. मी म्हणलं, नाच. जेवल्यावर मागची पानं वाचू, पहिल्या तुकडीच्या उड्यांची. मग कळंल पलटण कुणी उभी केली."

"उडी मारून खाली येताना हातपाय मोडत न्हाईत?"

बास. म्हाताऱ्याचं वय निम्मं झालं. "मोडतेत की! म्हणून तर उतरायचं शिकवतेत. पाय जोडून, गुडघे जोडून, हनुवटी छातीला. जमिनीला लागलं की उभं ऱ्हायचं न्हाई, बाजूला लोळायचं. आधी पोटरी, मग मांडी, मग कंबर, मग खांदा. हाडात भिनवतेत ते. ह्या धुरपतावहिनींचा बालाजी घ्या. चौथ्या उडीला पाय चुकला, घोटा एवढा सुजला की बुटात जाईना. आन् दुसऱ्या दिवशी गडी पाचव्या उडीला रांगेत हजर! उतरला बी असा, जणू दुखणंच न्हाई. तालमीचं अंग!"

"तुमी शेजारी व्हता?"

"चार गडी मागं. हेल्मेट घट्ट बांधलेलं, त्यावर खडूनं नंबर. नाक दिसतंय तेवढंच. पर नंबर बालाजीचाच व्हता."

"आन् चंद्रभान?"

"त्याचं काय काढता! त्या दिवशी विमानाकडं आलाच न्हाई. हजेरीला गैरहजर. पॅरा पलटणीत न्हावी असो, धोबी असो, आचारी असो, समद्यांना उडी मारावी लागती. पाच न्हाई तर परत."

मग भुजंग. खुर्चीवर ताठ, काळ्या मिशा रंगवलेल्या.

"माझ्यावर इल्जाम घेता? मी कामून वही चोरीन? पहिल्या पानावर मी जिंकलोय! आमी पायदळात मारलेल्या लढाया ह्यांनी आपल्या झेंड्यावर लिवल्या, आन् आमचा जन्म धरायचा न्हाई? हा कुठला इन्साफ?"

"तुमी छत्रीची उडी मारली का कवा?"

"छू! देवानं पाय दिलेत ते चालायला. हुकूम आला तवा मी म्हणलं, मला दुसऱ्या पायदळात धाडा. छत्रीला हात लावला न्हाई आजपातुर."

"काल पंगतीत नव्हता तुमी."

"टाळकं सरकलं व्हतं. पारावर जाऊन बसलो. आलो तर पंगत भातावर आलेली. आन् त्या चंद्रभानानं मला डाव्या हातानं भात वाढला! पंगतीत! मी म्हणलं, मला कुत्रं समजतो का रे? तर म्हणतो, हात भाजलाय."

तिसरा चंद्रभान. काटकुळा, सदुसष्ट-अडुसष्टचा, एवढ्या गरमीत बी पुऱ्या बाह्यांचा सदरा. त्यानं चहा आणला. कप डाव्या हातानं म्होरं केला.

"हात कशानं भाजला, दादा?"

"तव्यानं, ताई." उजवा हात पोटाशी धरलेला. तळवा उघडाच व्हता, त्यावर ना फोड, ना डाग.

"काल जेवणाआधी माडीवर गेलतात?"

"कप आणायला गेलतो. घेऊन लगेच खाली आलो. मग पंगत वाढली."

"वही बगितली?"

"आपल्याला काय कळतंय त्यातलं? ते मोठ्या माणसांचं भांडण."

"लोक तुमाला चार उड्यांचा म्हणतेत. राग न्हाई येत?"

चंद्रभान हसला. "खोटं थोडंच हाय. मोजून चारच लिवल्यात."

ताईनं चहा संपवला. भाईर येऊन आटोत बसली. हरिओम म्हणला, "ताई, माझा हिशेब झाला. माधवराव हरायलालता, त्यानंच वही गायब केली. किल्ली त्याच्याकडंच."

"किल्ली असलेला माणूस खिडकीतनं कामून उतरल रे?"

हरिओमनं डोस्कं खाजवलं. "मग भुजंग?"

"तो कालच जिंकलाय. पहिल्या पानाचे फोटो समद्यांच्या मोबाईलमधी हायेत. वही गेल्यानं तारखेच्या भांडणात कुणाचंच काय बदलत न्हाई."

"मग चोरी कशापायी?"

ताई उतरून धुरपताबाईकडं गेली. बाई कडुलिंबाच्या बुडाशी बसलेली.

"वही सापडली असं समजा, मावशी. पर ती वाचली तर तुमाला लागंल. तुमी आणलंय मला, तुमीच सांगा. बोलू का परभणीला परत जाऊ?"

"माझ्या मालकाचं काही वंगाळ हाय त्यात?"

"वंगाळ न्हाई. जड हाय."

धुरपताबाईनं पदर खोचला. "समद्यांदेखत बोला. फौजीची बायको हाय मी."

माडीवर समदे जमले. ताई खिडकीला टेकून उभी ऱ्हायली.

"चोर दारातनं आला न्हाई, कारण तो गेलाच नव्हता," ती म्हणली. "कॅप्टनसाहेब भांडत भांडत कुलूप लावायलालते, तवा एक माणूस आतच व्हता. तो कप न्यायला वर आलेला. मला म्हणला, कप घेऊन लगेच खाली आलो. पर कप इथंच हायेत, कालपासनं."

समद्यांच्या माना कोपऱ्यातल्या ट्रेकडं वळल्या. चंद्रभान मातर खालीच बगत व्हता.

"वही घेतली, आन् खिडकीतनं उतरला. खाली दोन पाय उठलेत, एकाला एक चिकटून. तुमी आमी उडी मारली तर पाय फाकतेत, हात म्होरं येतेत. हा माणूस पाय जोडून उतरला आन् बाजूला लोळला. पोटरी, मांडी, कंबर, खांदा. मेथीवर समदं छापलंय. हरिओम म्हणला, जवान पोरगं असल. पोराचा पाय मोडला असता. ज्याच्या हाडात ते उतरणं भिनलंय त्यालाच हे जमणार. भुजंगराव कवा उडलेच न्हाईत. साहेबांचे गुडघे आपरेशनचे. ऱ्हायला कोण?"

"चंद्रभान?" भुजंग म्हणला. "आरं, त्याला वहीचं काय करायचंय?"

"खांद्यावर उतरला, पर वय झालं, उजवा हात दुखावला. म्हणून भात डाव्या हातानं. तळव्यावर भाजल्याचा डाग न्हाई, आन् गरमीत बाह्या खाली. कोपर दाखवा, दादा."

चंद्रभाननं बाही वर केली न्हाई. पर न्हाई म्हणला बी न्हाई.

"आता कशापायी," ताई म्हणली. "पहिलं पान वाचून झालं व्हतं. वाचायची ऱ्हायली व्हती उड्यांची पानं. त्यात चंद्रभानदादाची सोताची लाज तर गावाला पाठ हाय, ती झाकायला कोण आठ फुटावरनं उतरल? तो दुसऱ्याचं काहीतरी झाकायलालता. साहेब, तुमीच सांगितलं. चौथ्या उडीला बालाजीरावांचा घोटा असा सुजला की बूट चढंना. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नंबराचा गडी रांगेत, आन् उतरला तो दुखणंच न्हाई असा. एका रातीत घोटा उतरतो का, साहेब?"

माधवराव बोटांवर दिवस मोजाया लागले.

"त्याच दिवशी चंद्रभान गैरहजर. एक माणूस दोन नावानं एका विमानात बसू शकत न्हाई. तोंड हेल्मेटात, वळख खडूच्या नंबरावर. तुमी चार गडी मागनं बगितलं, ते पाठमोरं चंद्रभान व्हते. बालाजीरावांची पाचवी उडी त्यांनी मारली. आपली सोडून दिली."

हरिओमनं चंद्रभानसाठी खुर्ची म्होरं सरकवली.

"वही हाय ना, दादा?" ताईनं हळू इचारलं. "जाळली न्हाई ना?"

"पलटणीचा कागद कसा जाळवंल, ताई," चंद्रभान म्हणला. खाली गेला, तांदळाच्या डब्यातनं वही काढून आणली.

माधवरावांनी चष्मा लावला. शेवटाकडचं पान काढलं. बोटानं ओळ धरून वाचाया लागले.

"'बालाजीचा पाय सुजलेला. त्याच्या नंबरावर चंद्रभान चढला. मी वळखलं. त्यानं माझ्याकडं बगितलं, मी तोंड फिरवलं. पोरगा नीट उतरला. संध्याकाळी त्याला गैरहजर लिवताना हात चालंना. पर लिवलं.'"

धुरपताबाई भावासमोर येऊन उभी ऱ्हायली.

"कामून, दादा?"

"तुझी सुपारी फुटली व्हती, धुरपा. परत धाडलेला जावई मला नको, असं आपल्या आबांनी कार्डात लिवलं व्हतं. जागा मोजक्या. त्या दिवशी ज्याच्या पाच झाल्या न्हाईत त्याला परत धाडणार व्हते. मला काय, भाकरी कुठल्याबी पलटणीत भाजता येती."

"आन् मी? पोरांदेखत तुला पळपुटा म्हणत ऱ्हायले. माझे मालक गप ऐकत बसायचे?"

"बसायचा न्हाई तो. उठून भाईर जायचा. तुझं ध्यान नव्हतं. दरसाली म्हणायचा, सांगून टाकू. मीच शपथ घातलेली."

बाई वळली. डोळे कोरडे, आवाज खणखणीत. "कॅप्टनसाहेब, माझ्या मालकाचं नाव काढा. माझ्या भावाचं घाला."

"मग तो दगड मी फोडीन," चंद्रभान म्हणला. एवढ्या वर्षात त्याचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता.

"बसा दोघं बी!" माधवराव काठीवर उभे ऱ्हायले. "वहिनी, पाय बरा झाल्यावर बालाजीनं माझ्या डोळ्यांदेखत एकतीस उड्या मारल्या. चंद्रभानची ती उडी सोडून दिली, तरी तो पक्का छत्रीवाला. नाव ऱ्हाणार. ऱ्हायला चंद्रभान. कागदावर त्याच्या चारच..."

"कागद!" भुजंग उसळला. "टोपीचा कागद आला म्हणून आमची लढाई पुसायलाव, आन् आता हजेरीचा कागद म्हणून ह्याची उडी पुसणार? वरनं खाली आलं कोण, कागद का हा?"

माधवरावांनी भुजंगकडं बगून मान डोलावली, चार महिन्यात पहिल्यांदा. मग काठी सोडली, दुखऱ्या गुडघ्यावर सावधान झाले आन् म्हणले, "पहिली तुकडी. जवान चंद्रभान. पाच उड्या पुऱ्या."

"कालची धरून सहा," हरिओम म्हणला. समदे हसले. चंद्रभानला हसायला आलं न्हाई. तो सवयीनं ट्रे उचलायला वाकला, चहा ठिवायला.

धुरपताबाईनं ट्रे त्याच्या हातातनं काढून घेतला. खाली गेली, कप घासले, चूल पेटवली. चहा उकळला तशी जिन्याशी येऊन उभी ऱ्हायली. साखरेचा डबा हातातच व्हता. वर तोंड करून इचारलं.

"दादा, तू साखर किती घेतोस रे?"

पंचेचाळीस वर्षं त्याच्या हातचा चहा पिली, आन् हे तिला मालूम नव्हतं.

दोन्ही नावं शेजारीशेजारी कोरलीत. तारखेचं भांडण आजून चालू हाय, ते काय मिटत न्हाई.

आता माझं एक ऐका. तुमच्या बी गावात असल असा एखादा, ज्याला समदे पळून आला म्हणतेत, आन् तो हसून घेतो. उद्या सकाळी त्याच्या घरी जा. कामून परत आलास, हे इचारू नका. निस्तं बसा. आन् चहा त्याला करू देऊ नका, तुमी करून द्या.